झाडं कुठायत म्हणे!

लाँग वीकेंडला आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायचं, बे एरियातून अनाहाईमला हाकायचं, डिस्नेलँडजवळच्या आरव्ही पार्कात लावायचं आणि परत आल्यावर रडायचं, "नुसतं काँक्रीट हो, एक धड झाड नाही!" अरे, मग योसेमिटीला जायचं होतंत की राव!

शहरातल्या आरव्ही पार्कात मिळते वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी आणि डिस्नेलँडच्या गेटाची जवळीक. पैसे त्या जवळिकीचे, निसर्गाचे नव्हेत. आणि झाडं होती ना! १९५५ साली डिस्नेलँड उघडलं ते संत्र्यांच्या बागा तोडूनच. मागोमाग मोटेलं आणि पार्किंगची मैदानं आली. ज्याच्यासाठी झाडं गेली तेच बघायला जायचं आणि वर सावली मागायची, हे भारीच!

पण खरी चीड येते ती "तिथे कायमचे राहणारे लोक होते, कसंतरीच वाटलं" या वाक्याची. घरभाडं परवडत नाही म्हणून अशा पार्कांत महिनोन्महिने राहणारे असतात. ९ महिने एका जागी राहिलेल्या भाडेकरूला कॅलिफोर्नियाचा कायदासुद्धा रहिवासी मानतो. पाहुणे आपण आहोत, ते नव्हेत. एवढं लक्षात ठेवा आणि मग खुशाल मिकीला भेटा.