विश्लेषण : ठरल्या वेळी येणारी किराणा गाडी, हे गणित जमते कसे?

दहा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या कंपन्यांच्या काळात, सोसायटीच्या फाटकापाशी दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला उभा राहणारा किराण्याचा टेम्पो चालेल का? चालू शकतो. मात्र या धंद्याचे खरे भांडवल गाडी नसून वेळापत्रक आहे.

नेमकी पद्धत काय?

ग्राहक आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर यादी पाठवतो. विक्रेता सगळ्या याद्यांची बेरीज करून घाऊक बाजारातून तेवढाच माल उचलतो, नावे घालून पिशव्या भरतो आणि ठरलेल्या थांब्यावर उभा राहतो. ग्राहक खाली येऊन पिशवी नेतो. जिने चढणे नाही, दुकानाचे भाडे नाही. ही पद्धत आपल्याला अगदी अनोळखी नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुणे-मुंबईच्या अनेक सोसायट्यांनी अशाच एकत्र याद्या करून शेतकरी गटांकडून भाजी मागवली होती.

कुठे चालेल, कुठे नाही?

शहराच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या, माणसे राहायला आली, पण बाजार अजून आलेला नाही, अशा ठिकाणी. आठवडी बाजारावर अवलंबून असलेल्या वाड्यावस्त्यांवर. ज्येष्ठांची संख्या मोठी असलेल्या वसाहतींत. गल्लीच्या तोंडाशीच तीन वाणी असतील, तर तिथे गाडी नेण्यात अर्थ नाही. सुरुवातीला दोन-तीन थांबे पुरेत. थांबे वाढले की उशीर वाढतो आणि उशीर झाला की ग्राहक तुटतो.

नफा कुठे जातो?

एक हिशेब मांडून पाहू. समजा, रोज ६० ग्राहक, प्रत्येकाची यादी ५०० रुपयांची आणि विक्रीवर सरासरी १० टक्के सुटतात. म्हणजे ३० हजारांची विक्री आणि ३ हजारांचा ढोबळ नफा. त्यातून डिझेल, मदतनीस, गाडीचा हप्ता आणि पिशव्या भागवायच्या.

आता ६० पैकी सहाच ग्राहक आले नाहीत असे धरू. नफा २,७०० वर येतो आणि न उचललेल्या पिशव्यांत विक्रेत्याचे २,७०० रुपयेच अडकतात. दिवसभराची कमाई त्या सहा पिशव्यांत पडून राहिली! डाळ-तांदूळ उद्या खपेल. दूध, भाजी, पाव खपणार नाही. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून हवेत : यादीसोबत यूपीआयने काही रक्कम आगाऊ, नाशवंत मालाचे पूर्ण पैसे आधी आणि यादी बदलण्याची ठरावीक वेळ. उधारीची वही उघडायचीच नाही, हेही त्यातच आले. नियम विक्रेत्यालाही लागू हवेत : गाडीला उशीर होणार असेल तर ग्राहकाला आधी कळवायचे आणि माल खराब निघाला तर वाद न घालता पैसे परत करायचे.

कागदपत्रे कोणती?

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली (एफएसएसएआय) नोंदणी किंवा परवाना लागतो. दोन्हींपैकी काय, ते उलाढालीवर ठरते. तराजू वैधमापन विभागाकडून तपासून मुद्रांकित केलेला हवा. सुटी डाळ आधीच पुड्यांत भरून ठेवणार असाल, तर त्यावर वजन, किंमत, भरल्याची तारीख असा तपशील छापावा लागतो. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली हवी. तिच्या रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी घ्यावी.

जीएसटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. ही मर्यादा नफ्याची नसून विक्रीची आहे. रोज ३० हजार आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर सहाव्या महिन्यातच ती ओलांडली जाते. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेली कंपोझिशन योजना अशा वेळी सोयीची ठरू शकते.

गाडी उभी कुठे करायची?

सर्वात अवघड प्रश्न हाच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फिरत्या विक्रेत्यांनाही स्थान आहे. त्यांची पाहणी करून विक्री प्रमाणपत्र देणे अपेक्षित आहे. पण मुंबईत पथविक्रेता समितीची निवडणूक व्हायलाच २०२४ साल उजाडले. पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना विनातारण कर्ज मिळते; २०२५ च्या फेररचनेनंतर त्याचे टप्पे १५, २५ आणि ५० हजार रुपयांचे आहेत. मात्र त्यासाठीही पथविक्रेता म्हणून ओळख लागते. तोवर सोसायटीच्या व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घेऊन आवारातच थांबणे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

करायला काय हवे?

ठरल्या वेळी येऊन अर्ध्या तासात निघून जाणारी गाडी रस्ता अडवत नाही. ती कुठे, कधी, किती वेळ थांबणार हे आधीच माहीत असते. महापालिकांनी अशा गाड्यांसाठी वेळेचे बंधन घालून थांबे नेमून दिले, तर फारसा खर्च येणार नाही. एकीकडे तरुणांना छोटे उद्योग सुरू करायला सांगायचे आणि दुसरीकडे त्यांची गाडी उचलून न्यायची, हे थांबायला हवे. विक्रेत्याने वेळ पाळावी, ग्राहकाने यादी पाळावी आणि पालिकेने दशकभरापूर्वीचा कायदा पाळावा. या तिघांपैकी एकानेही टाळाटाळ केली, तर तोटा मात्र एकट्या विक्रेत्याचा होतो.