टेन्शनवर ढकललेले मरण

मेंदूत रक्तस्राव होऊन कोणी गेले की भेटायला आलेल्यांचे निदान तयार असते: फार टेन्शन घेतले आणि नस फुटली, काल तर ठणठणीत होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी असेच गेले, तेव्हा त्यांचे डॉक्टर रॉस मॅकइन्टायर यांनीही हा आघात अगदी अकल्पित असल्याचे सांगितले. महायुद्धाचा ताण होताच, त्यामुळे लोकांना ते पटले. पण नोंदी वेगळेच बोलतात. १९४१ मध्ये त्यांचा रक्तदाब १८८/१०५ होता, मार्च १९४४ मध्ये १८६/१०८, आणि त्या शेवटच्या दुपारी ३००/१९०. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी १९७० मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली. अकल्पित होती ती फक्त तारीख.

वर्षानुवर्षे चढा राहिलेला दाब मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांच्या भिंती कमकुवत करतो. अशा धमन्यांवरचे सूक्ष्म फुगवटे शार्को आणि बुशार यांनी १८६८ मध्येच दाखवले होते. रागाने दाब उसळतो, हे खरे. तो उसळलेला दाब शेवटचे निमित्त ठरू शकतो, हेही मान्य. पण संताप रोज असंख्य माणसांना येतो आणि निरोगी धमनी तो सोसते. कोणी म्हणेल, बीपी नसलेल्यांनाही रक्तस्राव होतो. होतोच: मोठ्या धमनीवरचा फुगवटा, रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता, उतारवयात धमन्यांत साचणारे अमिलॉइड, रक्त पातळ करणारी औषधे, डोक्याला लागलेला मार. या यादीतही टेन्शन नाही. शिवाय पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेल्यांवरच्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत (२००१) रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांनी मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण निम्म्यावर आणले. या औषधांनी कोणाच्या घरची भांडणे मिटवली नव्हती.

उरतो तो नेहमीचा आक्षेप: गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही. बहुतेकांची नाही सुटत. चष्माही सुटत नाही, पण त्याबद्दल कोणी डॉक्टरला दोष देत नाही. रूझवेल्ट यांच्यासाठी मीठ कमी करणे, फिनोबार्बिटाल आणि डिजिटॅलिस यांपलीकडे फारसे काही उपलब्ध नव्हते. रक्तदाब उतरवणारे अ‍ॅम्लोडिपिन आज तालुक्याच्या दुकानातही स्वस्तात मिळते. ‘आता बरे वाटते’ म्हणून ते परस्पर बंद करणारा एखादा माणूस काही महिन्यांनी कोसळतो, आणि घरचे त्या आठवड्यात ऑफिसात कोणाशी वाजले होते ते आठवू लागतात.