डाग राहू द्या, कागद वाचवा

न्या. संदीप शिंदे समितीने 2023 मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि धाराशिव जिल्ह्यातील जुन्या कागदांना अचानक मोल आले. कोतवाल बुक, खासरा पत्रक, मोडी आणि उर्दूतील दस्त कपाटांतून, पेट्यांतून बाहेर निघाले. त्यातले अनेक ओल लागलेले, डागाळलेले आहेत. डाग दिसला की तो घालवावासा वाटतो. नुकसान होते ते इथेच.

भिजलेला कागद वाळताना ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर तपकिरी रेघ उमटते. ती केवळ बाहेरची घाण नसते. कागद झिजून तयार झालेली द्रव्ये पाण्याबरोबर वाहत येऊन तिथे साचतात. तांबूस ठिपक्यांमागे बहुधा बुरशी किंवा लोहाचे कण असतात. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने डाग फिका होतो खरा. पण त्यातील क्लोरीन कागदाचा मूळ तंतू असलेले सेल्युलोज तोडतो. तो कागदात उरला तर झीज चालूच राहते आणि कागद पापडासारखा मोडतो. काजळ व डिंकाची जुनी शाई पाण्याने पुसली जाण्याचा धोका वेगळाच.

म्हणूनच जाणकार संवर्धक आधी मऊ ब्रशने धूळ काढतो, शाई पाण्याला टिकते का ते तपासतो आणि मगच गरजेपुरती धुलाई करतो. आम्लता कमी करणे हा त्याचा हेतू. कागद पांढराशुभ्र करणे नव्हे. घरी कागद भिजलाच तर टीपकागदात ठेवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावा. दोन दिवसांत बुरशी धरू शकते. सेलोटेप आणि लॅमिनेशन टाळावे. ते काढताना कागदही फाटतो.

नोंदींचे स्कॅनिंग हवेच. पण नोंद खरी की खोटी, असा वाद उठला की शाई, शिक्का आणि कागद मुळातच तपासावा लागतो. डागामुळे दस्त खोटा ठरत नाही. घासलेल्या, पांढऱ्या पडलेल्या जागेवर मात्र खाडाखोडीचा संशय येतो. तेव्हा प्रशासनाने स्कॅनरबरोबरच प्रत्येक अभिलेख कक्षाला कोरडी खोली, टीपकागद आणि प्रशिक्षित संवर्धकाची नियमित भेट द्यावी. एका नोंदीवर कुणाचे शिक्षण, कुणाची नोकरी अवलंबून आहे.