मुंडगोडला दुसऱ्यांदा जाताना



मागे आपल्यात कुणीतरी विचारलं होतं, "मुंडगोडचं तिबेट एकदा बघून झालंय. परत जाण्यासारखं काही आहे का?" त्याला बहुतेकांचं उत्तर एकच होतं, "नाही ओ, अर्ध्या दिवसात होतं सगळं." मी तेव्हा गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण वीस वर्षांपूर्वी मीही हेच सांगितलं असतं. आता चार वेळा जाऊन आल्यावर माझं मत अगदी उलट झालंय. जरा लांबण लागेल, पण चहा घेऊन बसा नि वाचा.

माझं माहेर निपाणी, सासर बेळगाव. निपाणीत तंबाखूच्या वासात वाढले आणि लग्नानंतर शहापुरात आले. आम्हाला तिबेट माहीत होतं ते स्वेटरपुरतं. दिवाळी झाली की रस्त्याकडेला तंबू लागायचे, आत गोल चेहऱ्याच्या बायका बसलेल्या, घासाघीस चालायची नाही, "एकच भाव, अक्का". मुलांचे स्वेटर, ह्यांची मफलर, सासूबाईंची शाल, सगळं तिथलंच. या बायका कुठून येतात, थंडी सरल्यावर कुठं जातात, हे पंधरा वर्षं विचारायचं सुचलं नाही.

पहिली भेट महिला मंडळाच्या सहलीची, २००४ सालची. भल्या पहाटे बस निघाली. कित्तूरला किल्ला, धारवाडला पेढा, हुबळीच्या पुढं तडस फाट्यावरून आत. बेळगावहून दीडेकशे किलोमीटर पडतं. मोठ्या प्रार्थनामंदिरात गेलो, सोनेरी मूर्ती बघून "अगंबाई" केलं, मोमो खाल्ले, चारच्या आत परत फिरलो. त्या दिवशीची एक गोष्ट मात्र आठवली की अजून लाज वाटते. एका अंगणात तरुण भिक्खू दोघादोघांच्या जोड्या करून ओरडत होते, पाय आपटत होते, टाळ्या वाजवत होते. आम्हाला वाटलं भांडण लागलंय. मग कुणीतरी त्यांची नक्कल केली, आम्ही सगळ्या खिदळलो, फ्लॅश मारून फोटो काढले. एक मुलगा मध्येच थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता पाठ फिरवून पुन्हा सुरू झाला. फोटो काढणाऱ्यांत मीही होते.

त्या हिवाळ्यात स्वेटरच्या तंबूत मी सहज म्हणाले, "आम्ही मुंडगोडला जाऊन आलो." तिचा चेहरा एकदम खुलला. "अक्का, आमचं घर तिथंच! घरी आला नाही?" काय उत्तर देणार? आम्ही फक्त मंदिर बघितलं होतं. तिनं डायरीच्या कागदावर कॅम्पचा नंबर लिहून दिला नि म्हणाली, "पण आत्ता येऊ नका. आत्ता घरी कोणी नाही. लोसारला या."

दुसऱ्यांदा जाणाऱ्याला सांगायची पहिली गोष्ट हीच. तारीख बदला. आपण डिसेंबरच्या सुट्टीत जातो, तेव्हा निम्मी वसाहत आपल्याच गावात स्वेटर विकत बसलेली असते. १९६६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं ही सुमारे ४,००० एकर जमीन दिली, निजलिंगप्पा मुख्यमंत्री असताना. जंगल तोडून मका आणि भात लावला. पण पावसावरच्या शेतीत वाढतं कुटुंब भागेना, म्हणून लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल उचलायचा, ऑक्टोबर ते जानेवारी गावोगाव विकायचा आणि उधारी फेडून घरी परतायचं, असं चक्र बसलं. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा नवीन वर्षाचा सण येतो, लोसार. तेव्हा घरं भरलेली असतात. आपल्याकडे गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं आल्यावर गल्ली कशी होते, तसं.

दुसरी गोष्ट, ते वादाचं अंगण. तिथं परत जा, पण हसायला नको. एका बाजूला शांतपणे बसा. खाली बसलेला भिक्खू उत्तर देतो, उभा असलेला प्रश्न विचारतो, आणि प्रश्न पुरा झाला की पाय आपटून टाळी देतो. परीक्षाच ती, रोजची. गेशे ही पदवी मिळायला वीसेक वर्षं असं शिकावं लागतं. आणि पाठ काय असतं? धर्मकीर्ती, चंद्रकीर्ती, वसुबंधू. आपल्याच देशातल्या आचार्यांचे ग्रंथ. काहींचं मूळ संस्कृत आपल्याकडे हरवलं, तिबेटी भाषांतर मात्र टिकलं. मला शाळेत संस्कृतला शंभरापैकी चौऱ्याऐंशी होते, पण यातलं एक नाव मी ऐकलेलं नव्हतं.

ज्या मठांची ही अंगणं, ते गांदेन आणि ड्रेपुंग मूळचे ल्हासाजवळचे, १४०९ आणि १४१६ सालचे. १९५९ नंतर निसटून आलेल्या भिक्खूंना आधी पश्चिम बंगालमधल्या बक्साच्या छावणीत ठेवलं होतं. इंग्रजांच्या काळात तिथं आपले स्वातंत्र्यसैनिक कैदेत असत. दमट हवेत क्षयानं कितीतरी भिक्खू गेले. उरलेल्यांतले काही १९७०च्या सुमारास मुंडगोडला आले, दिवसा शेतात राबले आणि उरलेल्या वेळात पाठांतर चालू ठेवलं. मंदिराचं सोनं बघताना हे माहीत असेल तर नजर बदलते.

तिसरी गोष्ट, जांगचुब छोलिंग हा भिक्खुणींचा मठ. सहलीच्या बसेस तिकडं सहसा वळत नाहीत. बायकांनी हा सगळा अभ्यास करून गेशेमा पदवी घेण्याची वाट शतकानुशतकं बंद होती. २०१६च्या डिसेंबरात वीस भिक्खुणींना ही पदवी पहिल्यांदा मिळाली आणि तो समारंभ झाला इथेच, मुंडगोडच्या ड्रेपुंगमध्ये. आपल्या दारात, दीडशे किलोमीटरवर एवढी गोष्ट घडली, आणि आम्ही त्या दिवशी बहुधा हुरड्याचं ठरवत होतो.

वेळ असेल तर एक मुक्काम वाढवा. सकाळी अत्तीवेरीचं पक्षी अभयारण्य, थंडीत पाखरं भरपूर. दुपारून सिरसीमार्गे बनवासी, कदंबांची राजधानी, मधुकेश्वराचं देऊळ. महावंस या पाली ग्रंथात अशोकाच्या काळी धर्मप्रसारासाठी कोण कुठं गेलं त्याची यादी आहे. त्यात वनवासी आहे आणि महारठ्ठही आहे. म्हणजे बुद्धाचं नाव या डोंगरांना नवं नाही, बाविसेक शतकांनी ते फिरून आलंय. एक व्यवहाराची सूचना: घरात परदेशी पासपोर्टवाली मुलं-सुना असतील तर वसाहतीत राहण्यासाठी त्यांना आधी केंद्र सरकारचा परवाना काढावा लागतो. वेळ लागतो, म्हणून तयारी आधी करा.

एवढं लिहून थांबले असते तर ही नुसती यादी झाली असती. मला सांगायचंय ते पुढंच आहे.

गेल्या खेपेला मी नातीला घेऊन गेले. ती नऊ वर्षांची, बेंगळुरूला असते. मराठी छान बोलते, वाचता मात्र येत नाही. मी वाढदिवसाला पत्र पाठवते ते तिची आई वाचून दाखवते. निघताना शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "परत तिथंच कशाला चाललासा ओ? पोरीला गोव्याला न्या की." तरी गेलो.

स्वेटरवालीच्या घरी तिची आई होती. ऐंशीच्या पुढची, हातात जपमाळ, मोमोला म्हणतात सगळे. मोमो म्हणजे आजी, आणि 'ला' म्हणजे आपला 'जी'. लहानपणी बापाच्या पाठीवर बसून बर्फातून आलेली ही बाई. आम्ही बसलो, लोण्याचा खारट चहा आला, नातीनं तोंड वाकडं केलं. मोमोलाला ना मराठी येत, ना कन्नड फारसं. काय बोलायचं? मग नातीला भिंतीवर तिबेटी मुळाक्षरांचा तक्ता दिसला. तिनं बोट दाखवलं. म्हातारी वाचू लागली, "क, ख, ग, ङ… च, छ, ज, ञ…"

मी ताडकन सरळ बसले. आपलीच बाराखडी की! त, थ, द, न. प, फ, ब, म. फक्त घ नाही, झ नाही, ध-भ नाहीत आणि ट-ठचा वर्गच नाही. त्यांची परंपरा सांगते की सातव्या शतकात थोन्मी संभोट नावाचा मंत्री भारतात येऊन लिपी शिकून गेला. त्यांच्या शाळांना आजही त्याचं नाव आहे. नातीनं मला विचारलं, "आजी, घ कुठं गेला?" मी म्हटलं, "तू मला आपला घ लिहून दाखव, मग सांगते." तिला येईना. मोमोलाला न कळताही सगळं कळलं असावं. तिनं पाटीसारखी वही पुढं केली आणि त्या दिवशी माझ्या नातीनं मुंडगोडच्या कॅम्पात, तिबेटी आजीसमोर, पहिल्यांदा क, ख, ग, घ गिरवला.

आपण सीमाभागातली माणसं. भाषा कशी जपायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. १९५६ पासून आपण भांडतोय, मोर्चे काढलेत, माझ्या काकांनी तुरुंगही बघितला. त्या लढ्याचा मान मी कमी करत नाही. पण दुकानाच्या पाटीसाठी आपण जेवढा घसा फोडला, तेवढा वेळ घरात पोराला पाटीवर बसवायला दिला का? या लोकांकडे राज्य नाही, आपल्या नावाची जमीनही नाही, कित्येकांना अजून नोंदणीचं कागद नूतन करत राहावं लागतं. तरी घरात तिबेटी, बाजारात कन्नड, स्वेटरच्या तंबूत मराठी, असं ते न कुरकुरता चालवतात. कन्नड शिकल्यानं त्यांचं तिबेटी बुडालं नाही.

काहीजण म्हणतात, "बाहेरच्यांना एवढी जमीन दिली, आमच्या भूमिहीनांना काय दिलं?" हा प्रश्न खोटा नाही, पण तो सरकारला विचारायचा. म्हातारपणी गिऱ्हाइकाची वाट बघत थंडीत रस्त्याकडेला बसणाऱ्या बाईला विचारायचा नाही.

आणि सगळं छान चाललंय असंही समजू नका. परत निघताना स्वेटरवाली म्हणाली, "अक्का, माझी दोन्ही मुलं बाहेरदेशी गेली. आता लोसारला पण घर भरत नाही." तिच्या गल्लीत कुलपं बघितली आणि मला आमची शहापूरची गल्ली आठवली. आमच्याकडेही वरचा मजला बंद, मुलं बेंगळुरू-पुण्याला, खाली आम्ही दोघं. बर्फ तुडवून आलेली पिढी आता संपत आलीय. मंदिरं पुढच्या वर्षीही असतील, तिथंच असतील. मोमोला असेलच असं नाही. म्हणून म्हणते, दुसऱ्यांदा जायचं ते माणसांसाठी. बस नको, चारच माणसं जा. ओळख काढून जा, रिकाम्या हातानं जाऊ नका, फोटो आधी विचारून काढा, आणि चहा खारट लागला तरी संपवा.

ओळख नाही म्हणाल, तर येत्या दिवाळीनंतर जिथं स्वेटर घ्याल तिथं एवढंच विचारा, "ताई, घर कुठल्या कॅम्पात?"

नातीनं परवा फोनवर सांगितलं की ती ळ पर्यंत पोचलीय. पुढचं पत्र मी मोठ्या अक्षरात लिहायला घेतलंय.