पाठीखालची थंडी

डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडला की रत्नागिरीतल्या आंबेवाल्यांच्या घरात समाधान असते. थंडीशिवाय हापूसला मोहोर नीट येत नाही. आम्हीही फज्रला उठलो की आधी पडवीतला थर्मामीटर पाहतो आणि पारा सोळा-सतरावर दिसला की अल्हम्दुलिल्लाह म्हणतो. पण ते रजईतून नुकतेच बाहेर येऊन. बागेतली रात्र कशी असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. यंदा ते कळले.

निमित्त झाले कॅनडाहून आलेल्या पुतण्याचे. आखातातून येणाऱ्यांच्या बॅगेत खजूर आणि अत्तर असते. याच्या बॅगेतून एक कापडी झोळी आणि एक फुगीर रजई निघाली. झोळी म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायचा हॅमॉक. रजईला तो ‘अंडरक्विल्ट’ म्हणत होता. ती अंगावर घ्यायची नसते, झोळीच्या बाहेर, खालून टांगायची असते. आत बदकाची बारीक मऊ पिसे. किंमत ऐकून दादींनी तसबीह थांबवली. आपल्या पैशांत वीस हजारांच्या घरात!

पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर कातळाला लागून आमची छोटी बाग आहे. तिथे आम्ही चार रात्री काढायचे ठरवले.

पहिल्या रात्री आम्ही हट्टाने अंडरक्विल्ट घेतला नाही. झोळीत झोपलो आणि अंगावर दोन ब्लँकेट घेतली. बारापर्यंत मजेत होतो. मग डोंगराकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटला आणि पाठ गार पडू लागली. वर ब्लँकेट वाढवावे तशी पाठ जास्तच जाणवायची. दोन वाजता आम्ही गाडीत जाऊन बसलो.

दुसऱ्या रात्री घरची गोधडी झोळीत पाठीखाली घातली. थोडा फरक पडला, पण खांदे आणि कंबर जिथे टेकत होती तिथे गारवा तसाच. सकाळी पुतण्याने कारण सांगितले. ऊब कापसात किंवा पिसात नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेत असते. आपल्या वजनाने पाठीखालची गोधडी दबते, हवा निघून जाते आणि उरते नुसते कापड. जमिनीवर झोपलो तर निदान वारा तरी खालून लागत नाही. झोळीत तोही लागतो.

हे ऐकून दादी म्हणाल्या, “मग यात नवीन काय? पिंजारी हेच करायचा.” खरेच आहे. आमच्या लहानपणी पिंजारीचाचा पिंजण घेऊन दारात यायचे. वर्षभर दबून घट्ट झालेला गादीचा कापूस त्यांच्या हाताखाली फुलून दुप्पट दिसायचा. कापूस तोच असायचा, फक्त त्यात हवा भरलेली असायची. पिसांचे मोजमापही या फुगण्यावरच होते. पाकिटावर ‘800’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम पीस फुगून 800 घन इंच जागा व्यापते. आपल्या हिशेबाने तेरा लिटर. मूठभर वजनात पाण्याची एक कळशी भरेल एवढी हवा!

तिसऱ्या रात्री अंडरक्विल्ट टांगला. त्याच्या दोन्ही टोकांना इलॅस्टिकची दोरी असते. आधी ती सैल राहिली, तेव्हा झोळी आणि रजई यांच्यामधून वारा वाहत राहिला आणि वीस हजार वाया गेल्यासारखे वाटले. दोरी ताणून रजई झोळीला अलगद चिकटली, तशी पाचच मिनिटांत पाठ उबदार झाली. फार ताणली तर पिसे दबतात, तेही चालत नाही. त्या रात्री थेट फज्रलाच जाग आली.

पण सकाळी रजई बाहेरून दवाने ओलसर झाली होती. पीस भिजले की गोळा होते आणि ऊब जाते. ती वाळवायला अर्धा दिवस गेला. कोकणातल्या दवात पिसांपेक्षा बाजारात मिळणारी हलकी पॉलिस्टरची रजई बरी. ओलसर झाली तरी ती बरीचशी ऊब धरते. आम्ही तशी एक जुनी रजई घेऊन चारही कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि चौथ्या रात्री झोळीखाली टांगली. पिसांइतकी नाही, पण झोप लागली. जाड गोधडी मात्र टांगू नका. ती वजनाने खाली लोंबते आणि मध्ये फट राहते.

दादींचा दुसरा प्रश्न होता, “पिसं पाक आहेत का?” मशिदीच्या मौलानांना विचारले. आपल्या शाफई मजहबात पीस कोणत्या पक्ष्याचे आणि कसे मिळवले याने फरक पडतो, हनफी मजहबात पीस पाक मानतात, असे त्यांनी समजावले. खात्री नसेल तर नमाजसाठी मुसल्ला वेगळा अंथरा, म्हणाले. आम्ही तसेच केले.

इथवर सगळी मौज होती. चौथ्या दिवशी सकाळी चूल पेटवून बसलो असताना आमचा राखणदार चहा घेऊन आला. रत्नागिरीतल्या बऱ्याच बागांसारखाच आमचाही राखणदार नेपाळचा. फवारणीच्या दिवसांत येतो, आंबा उतरेपर्यंत राहतो आणि वानरांमागे दिवसभर धावतो. टांगलेली रजई त्याने चाचपून पाहिली आणि हसला. “चाचा, हमारे गाँव में नीचे पुआल डालते हैं.” पुआल म्हणजे भाताचा पेंढा. जाड थर घालायचा, त्यावर चटई. पेंढ्याच्या नळ्यांत हवा असतेच. वीस हजारांचे शास्त्र त्याला घरूनच माहीत होते.

आम्ही म्हटले, मग इथे का घालत नाहीस? तो काही बोलला नाही. मग आम्हालाच आठवले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने पेंढ्याचे चार भारे मागितले होते. “पाठवतो,” असे आम्ही म्हटले होते. फवारणीची औषधे वेळेवर पोहोचली, पंपाचा पाइप पोहोचला, पेंढा राहिला. त्याच्या खोपीत डोकावलो तर बांबूच्या माचावर एक गोणपाट आणि एक विरलेले ब्लँकेट होते. बांबूच्या फटींतून वारा सरळ वर येत होता. पहिल्या रात्री दोन वाजता आम्ही गाडीत पळालो, तोच वारा. तो दीड महिना खोकत होता आणि आम्ही तो फवारणीचा खोकला समजत होतो.

हाताखालच्या माणसाला आपल्यासारखेच खाऊ-पांघरू घालावे, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकणे वेगळे. त्याच दुपारी पेंढा आणला, माचावर वीतभर थर घातला, वर चटई आणि नवी रजई. त्याला डॉक्टरकडे नेले. तो बरा आहे.

पुतण्या परत गेला. अंडरक्विल्ट इथेच ठेवून गेला आहे, झोळीसकट. झोळी वापरायची असेल तर झाडाला बारीक दोरी बांधू नका, साल कापते. रुंद पट्टा घ्या आणि झोळीत थोडे तिरके झोपा, म्हणजे पाठ सपाट राहते.

आणि बाग असेल, बोट असेल, बांधकाम असेल, तिथे रात्री कोणी तुमच्यासाठी जागत असेल तर एकदा त्याच्या अंथरुणाखाली हात घालून पाहा. आमच्या घरातल्या कॅलेंडरवर पुढच्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेला दादींनी लिहून ठेवले आहे : आधी पेंढा, मग औषध.