रक्तदाबाचा वारसा आणि ताटातील मीठ

आहारातील मीठ कमी करण्यासाठी पंजाब आणि तेलंगणा या दोन राज्यांत तीन वर्षांचा प्रकल्प सुरू करण्यात आल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तो हाती घेतला असून आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत कुटुंबांना सल्ला देण्यावर त्याचा भर आहे. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी सोडियमच्या मिठाबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी या संघटनेची शिफारस आहे. भारतातील सरासरी सेवन याहून अधिक आहे.

अशा शिफारशींवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आजोबांनी आयुष्यभर लोणचे-पापड खाल्ले, त्यांना काही झाले नाही. मग सर्वांवर बंधन कशासाठी? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. एकाच पंक्तीत जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचा रक्तदाब वाढतो आणि दुसऱ्याचा वाढत नाही, हे वास्तव आहे.

या वास्तवाचा पहिला ठोस पुरावा उंदरांपासून मिळाला. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी निवडक प्रजननाने उंदरांचे दोन वंश तयार केले. तेच खारट खाद्य दिले असता एका वंशाचा रक्तदाब झपाट्याने वाढे, तर दुसऱ्याचा जवळपास स्थिर राही. पुढे या वंशांमध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल करण्यात आली, तेव्हा रक्तदाबाचा कल बऱ्याच अंशी मूत्रपिंडाबरोबर गेल्याचे आढळले. जास्तीचे सोडियम सहज बाहेर टाकणारे मूत्रपिंड आणि ते धरून ठेवणारे मूत्रपिंड, असा हा भेद आहे. सोडियम धरले की पाणीही धरले जाते आणि ते बाहेर टाकण्यासाठी शरीराला अधिक दाबाची गरज भासते. ‘मिठाला जागणे’ हा गुण मूत्रपिंडात मात्र घातक ठरतो.

माणसांमध्ये ही मीठ-संवेदनशीलता कशी मोजतात? उत्तर चीनमधील खेड्यांत १,९०६ व्यक्तींना सात दिवस रोज ३ ग्रॅम आणि त्यानंतर सात दिवस रोज १८ ग्रॅम मीठ असलेला आहार देण्यात आला. रक्तदाबातील बदल व्यक्तीगणिक भिन्न होता. स्त्रियांमध्ये, वयस्करांमध्ये आणि ज्यांचा रक्तदाब मुळातच चढा होता त्यांच्यात तो अधिक दिसला. संवेदनशील आणि असंवेदनशील अशा दोन पेट्या निसर्गाने केलेल्या नाहीत. शिवाय वय वाढते तशी संवेदनशीलताही वाढते. चाळिशीतील निश्चिंती साठीत टिकेलच, असे नाही.

काही कुटुंबांत दोष एकाच जनुकात असतो. लिडल विकारात मूत्रपिंडातील सोडियमची वाट सतत उघडी राहते आणि तरुणपणीच रक्तदाब वाढतो. पण हे विकार अत्यंत विरळ आहेत. सर्वसाधारण उच्च रक्तदाबाचे चित्र निराळे आहे. दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तदाबाशी निगडित दोन हजारांहून अधिक आनुवंशिक खुणा नोंदवण्यात आल्या. त्यातील प्रत्येकीचा परिणाम अत्यल्प आहे. ही माणसे युरोपीय वंशाची होती. त्यावरून काढलेला धोक्याचा अंक भारतीयांना जसाच्या तसा लागू करता येत नाही. मीठ कोणाला बाधेल हे दवाखान्यात खात्रीने सांगणारी जनुकीय चाचणी आजही रूढ नाही. अशा चाचण्यांच्या जाहिरातींकडे सावधपणे पाहिलेले बरे.

वारसा असला तरी मिठावाचून त्याला फारसा वाव मिळत नाही, हे ‘इंटरसॉल्ट’ या १९८८ च्या अभ्यासाने सूचित केले. त्यात जगभरातील ५२ केंद्रांवर १०,०७९ व्यक्तींची तपासणी झाली; त्यांत दिल्ली आणि लडाख ही भारतीय केंद्रे होती. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नव्हते. त्यांच्यात उच्च रक्तदाब क्वचितच आढळला आणि वयानुसार होणारी वाढही दिसली नाही. त्यांच्या जीवनात इतरही अनेक भेद होते, ही मर्यादा मान्य करावी लागते. तरीही संवेदनशील व्यक्ती आगाऊ ओळखता येत नसताना सर्वांच्या ताटातील मीठ कमी करण्याचे धोरण अतिरेकी म्हणता येणार नाही.

धोरणाची खरी अडचण पुढे आहे. पाश्चात्त्य देशांत बहुतांश मीठ तयार खाद्यपदार्थांतून येते, म्हणून तेथे उत्पादकांवर निर्बंध घालून बरेच साधते. भारतात ते प्रामुख्याने घरच्या फोडणीत, आमटीत आणि लोणच्यात पडते. त्यामुळे मिठाचा प्रकारच बदलण्याचा पर्याय आकर्षक वाटतो. चीनमधील ६०० खेड्यांत, पक्षाघात झालेल्या किंवा ६० वर्षांवरील उच्च रक्तदाबाच्या सुमारे २१ हजार व्यक्तींवर हा प्रयोग झाला. एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र हेच पोटॅशियम मूत्रपिंडाच्या रुग्णांना, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना धोकादायक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही सशर्त आहे. मुले, गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना ती लागू नाही. आपल्या मूत्रपिंडात दोष आहे, हे अनेक रुग्णांना उशिरापर्यंत माहीत नसते. त्यातच हे मीठ साध्या मिठापेक्षा महाग आहे. ज्या घरात किराणा दर आठवड्याला पैसे मोजून आणला जातो, तेथे तूर्त तरी मीठ बदलण्यापेक्षा आमटीतील चिमूट कमी करणे हाच परवडणारा मार्ग आहे.