धुराड्यांचा शृंगार

लंडनची यात्रा करून परतणाऱ्या आपल्या प्रवासवर्णनकारांना अलीकडे एक नवें तीर्थक्षेत्र सांपडलें आहे. तें म्हणजे थेम्स नदीच्या दक्षिणतीरावरील बॅटरसीचें जुनें वीजगृह. चार शुभ्र धुराडीं, कड्यासारख्या उभ्या विटांच्या भिंती, आंत झगमगणारीं दुकानें. आणि या सर्वांवर ठरलेला अभिप्राय असा कीं, ‘जुन्याचें जतन कसें करावें हें या लोकांकडून शिकावें!’ शिकण्यास आमची ना नाहीं. परंतु येथें जतन कशाचें झालें आणि विसर्जन कशाचें झालें, एवढा हिशेब शिष्यत्व पत्करण्यापूर्वीं मागितला, तर कोणीं रागावूं नये.

या वीजगृहाचें बांधकाम १९२९ सालीं सुरू झालें व १९३३ पासून तेथें वीज निघूं लागली. बाह्य रूप सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीं घडविलें. त्या काळीं लोकांना या इमारतीचें कौतुक नव्हतें; धास्ती होती. भर शहरांत एवढा कोळसा जळणार, मग त्या गंधकयुक्त धुरानें माणसांचें, उद्यानांचें व प्राचीन वास्तूंचें काय होणार, असा मोठा गिल्ला झाला. त्याचा परिणाम म्हणून धूर बाहेर सोडण्यापूर्वीं तो थेम्सच्या पाण्यानें धुण्याची व्यवस्था कंपनीला करावी लागली. धुतलेला धूर थंड होऊन खालीं उतरे, आणि धुण्याचें पाणी पुन्हां नदींतच जाई, हा दोष खरा. परंतु कारखानदाराला लोकांपुढें जाब द्यावा लागला, ही गोष्टही तितकीच खरी.

१९४८ सालीं विजेचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला. पुढें १९५५ पर्यंत वीजगृहाचा दुसरा अर्धा भाग पुरा होऊन चार धुराडीं उभीं राहिलीं. याच काळांत, १९५० च्या सुमारास, यंत्रांतून निघणारी व एरवीं वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपानें नदीखालून पैलतीरीं पिम्लिकोंत नेण्यांत आली, आणि नगरसंस्थेनें भाडेकरूंसाठीं बांधलेल्या चर्चिल गार्डन्सच्या वसाहतींतील घरें तिनें उबदार झालीं. एका तीरावरचें उच्छिष्ट दुसऱ्या तीरावरच्या सामान्य माणसाची ऊब झालें! या वीजगृहाच्या चरित्रांत अभिमानानें कोरून ठेवावें असें जर कांहीं असेल, तर तें हेंच.

उलट बाजूही लपवावयाची नाहीं. डिसेंबर १९५२ मधील विषारी धुक्यानें हजारों लंडनकरांचे प्राण घेतले. त्या पापांत घरोघरच्या शेगड्यांबरोबर शहरांतील वीजगृहांचाही वांटा होता. सारांश, या इमारतीच्या नांवावर जमा आहे तसें खर्चही आहे. अर्धें वीजगृह १९७५ सालीं बंद पडलें, उरलेलें १९८३ सालीं. आणि त्यानंतर सुरू झाली ती उद्धाराची कथा.

१९८० सालींच सरकारनें ही इमारत संरक्षित ठरविली होती. परंतु तिचें क्रीडानगर करूं म्हणून पुढें सरसावलेल्या उद्योजकाच्या योजनेचा प्रारंभ १९८८ सालीं खुद्द पंतप्रधान थॅचरबाईंच्या हस्ते झाला, आणि १९८९ सालीं काम थांबलें. दरम्यान यंत्रें काढण्यासाठीं छप्पर उतरविलें होतें! त्यानंतर मालकामागून मालक आले, आराखड्यांमागून आराखडे झाले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ उघड्या भिंतींवर पाऊस पडत राहिला. अखेर २०१२ सालीं मलेशियांतील भांडवलदारांनीं ४० कोटी पौंडांस ती जागा घेतली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें तिचे दरवाजे गिऱ्हाइकांसाठीं उघडले. ‘खासगी पैसा आला म्हणून इमारत वांचली,’ असें म्हणणाऱ्यांनीं छप्पर कोणाच्या हातून गेलें, याचेंही उत्तर द्यावें.

आणि वांचलें तें काय? ज्या चार धुराड्यांपुढें आमचे प्रवासी हात जोडतात, तीं मुळीं जुनीं नव्हेतच! मूळ कांक्रीट झिजलें म्हणून तीं पाडून २०१४ ते २०१७ या काळांत त्याच घाटाचीं नवीं बांधलीं. त्यांपैकीं एकांतून आज धुराच्या जागीं तिकीट काढलेले प्रेक्षक कांचेच्या पाळण्यांतून वर चढतात. जेथें अभियंते डोळ्यांत तेल घालून कांटे पाहत, त्या एका नियंत्रणकक्षांत आतां मद्याचे पेले भरले जातात. मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपली म्हण आहे. येथें तर म्हशीचीं शिंगेंही नवीं बसविलीं आहेत.

हाही विनोद आम्ही सोसला असता. परंतु या जागेवर व्हावयाच्या चार हजारांहून अधिक घरांपैकीं ६३६ घरें बेताच्या ऐपतीच्या लोकांसाठीं ठेवण्याचें ठरलें होतें. २०१७ सालीं खर्च व नफा यांचें गणित जुळेना, तेव्हां कात्री लागली ती याच घरांना. तीं ३८६ वर आलीं. धुराड्यांची उंची तसूभरही कमी झाली नाहीं, हें लक्षांत घ्यावें! पूर्वीं या ठिकाणची टाकाऊ उष्णतासुद्धां गरीब शेजाऱ्याच्या घरीं पोंचत असे. आज त्याच्या वांट्याला धुराड्याचें दर्शन आलें आहे.

कोणी म्हणेल, ‘मग तुम्हांला पुन्हां कोळसा हवा काय?’ मुळींच नको. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं रॅटक्लिफ-ऑन-सोअर येथील अखेरचें कोळशाचें वीजगृह ब्रिटननें बंद केलें, तें योग्यच केलें. परंतु कोळसा विझला म्हणजे त्याचा हिशेब मिटला, असें नव्हे. ज्यांनीं तो भट्ट्यांत घातला, ज्यांनीं त्याचा धूर गिळला, ज्यांचीं घरें त्यानें उबदार केलीं, त्यांचा त्या जागेवर प्रथम हक्क. तो हक्क बुडवून उभ्या केलेल्या भिंतींना कोणीं खुशाल देखणा बाजार म्हणावें. जतन हा शब्द मात्र तेथें वापरूं नये.